एकाच गावचे दोन ताम्रपट

मुंबई-गोवा महामार्गाने राजापूर मागे टाकून दक्षिणेकडे निघाले की शुक नदीच्या काठी खारेपाटण लागते. आज हे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडते. परंतु १ मे १९८१ पूर्वी ते रत्नागिरी जिल्ह्यातच होते आणि जुन्या ग्रंथांत त्याचा पत्ता रत्नागिरीचाच सापडतो. विजयदुर्गच्या खाडीतून एके काळी येथवर गलबते येत. व्यापाराच्या निमित्ताने अनेक समाज येथे स्थिरावले. त्यांत जैनही होते, आणि त्यांचे मंदिर आजही गावात आहे.

या लहानशा गावाने इतिहासाला दोन मोलाचे दस्तऐवज दिले. दोन्ही तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले, दोन्ही शिलाहार राजघराण्याचे. पहिला शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ चा, दुसरा शके १०१६, म्हणजे इ. स. १०९४ चा. दोहोंत अंतर अवघे शहाऐंशी वर्षांचे. दोन्ही ताम्रपट घराण्याचे मूळ सांगतात, आणि येथेच अडचण उभी राहते. पहिला म्हणतो, हे घराणे सिंहलाच्या राजांचे. दुसरा म्हणतो, हे तगरपुराच्या स्वामींचे. एकाच गावच्या मातीतून निघालेले, एकाच कुळनावाचे दोन कागद असे परस्परविरोधी बोलू लागले, तर वंशावळ लिहिणाऱ्याने खरे कोणते धरावे?

प्रश्न हजार वर्षांपूर्वीच्या राजांचा असला, तरी त्याची जात घरोघरची आहे. कुलवृत्तांत लिहायला बसलेल्या प्रत्येक कुटुंबाला तो कधी ना कधी भेटतो. आजोबा सांगत ते मूळ गाव वेगळे, जमिनीच्या फेरफारातले वेगळे आणि हेळव्याच्या वहीतले आणखी वेगळे. म्हणून शिलाहारांचे हे जुने प्रकरण पुन्हा उघडून पाहण्यासारखे आहे.

पहिला ताम्रपट मंडलिक रट्टराजाचा. तो प्रथम वाचून प्रसिद्ध केला बाळशास्त्री जांभेकरांनी. ज्या ‘दर्पण’कारांना मराठी पत्रसृष्टी आपले जनक मानते, तेच हे बाळशास्त्री. त्यांचे जन्मगाव पोंभुर्ले हेही खारेपाटणच्याच परिसरातले. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात, पहिल्याच खंडात, त्यांचे हे वाचन आले. पुढे कीलहॉर्न या जर्मन पंडिताने त्याचे संपादन अधिक काटेकोरपणे केले. दुसरा ताम्रपट उत्तर कोकणच्या अनंतदेवाचा; तो प्रसिद्ध केला काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी. आणि या सर्व लेखांचा एकत्रित, साक्षेपी अभ्यास केला महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी. त्यांचा मराठी ग्रंथ १९७४ साली आणि इंग्रजी बृहद्ग्रंथ १९७७ साली निघाला. मिराशींचा जन्मही त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातला, कुवळे गावचा. आपल्या भूमीची कागदपत्रे वाचणारी माणसे याच भूमीने दिली, ही गोष्ट कोकणाला भूषणावह आहे.

रट्टराजाचा ताम्रपट आरंभी पुराण सांगतो. विद्याधरांचा अधिपती जीमूतकेतू, त्याचा पुत्र जीमूतवाहन. शंखचूड नावाच्या नागाचा प्राण वाचावा म्हणून या जीमूतवाहनाने स्वतःचा देह गरुडापुढे ठेवला. ही कथा हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकामुळे सर्वांना ठाऊक आहे. याच जीमूतवाहनापासून शिलार वंश निघाला व सिंहलाच्या राजांमध्ये तो श्रेष्ठ ठरला, असे लेखकाचे म्हणणे. त्यानंतर पुराण थांबते आणि माणसांची यादी सुरू होते : सणफुल्ल, धम्मियर, ऐयपराज, पहिला अवसर, आदित्यवर्मा, दुसरा अवसर, इंद्रराज, भीम, तिसरा अवसर आणि रट्टराज. सणफुल्लाला कृष्णराजाच्या कृपेने सह्याद्री व समुद्र यांमधील प्रदेश मिळाला. धम्मियराने बलिपत्तन वसवले. ऐयपराजाने चंद्रपूर, म्हणजे गोव्यातील चांदोर, येथे नारळाच्या पाण्याने विजयस्नान केले. राज्याभिषेकाला गंगोदक न आणता शहाळ्यांचे पाणी वापरणारा हा राजा पक्का कोकणी म्हटला पाहिजे!

आता या यादीची परीक्षा घ्यावी. हिशेब तपासणारा माणूस बेरीज दोन बाजूंनी करून पाहतो. तसेच येथे करता येते. सणफुल्लाला राज्य देणारा कृष्णराज म्हणजे राष्ट्रकूट पहिला कृष्ण. त्याची कारकीर्द सुमारे इ. स. ७५६ ते ७७४. तेथपासून ताम्रपटाच्या १००८ सालापर्यंत सुमारे अडीचशे वर्षे होतात. या काळात दहा राजे झाले, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी पंचवीस वर्षे येतात. एका पिढीला साधारण तेवढाच काळ लागतो. यादीत नावे घुसडली असती तर ही सरासरी घसरली असती, आणि नावे गळली असती तर ती अवास्तव वाढली असती. तेव्हा सणफुल्लापासून रट्टराजापर्यंतची वंशावळ विश्वासार्ह मानण्यास हरकत नाही. जीमूतवाहनापासून सणफुल्लापर्यंतचे अंतर मात्र ताम्रपट एका उडीत ओलांडतो. त्या मधल्या काळात ना नाव आहे, ना गाव, ना साल. कोणत्याही वंशावळीत जेथे नावे थांबतात आणि स्तुती सुरू होते, तेथे पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवावी. रेघेच्या अलीकडचे ते वृत्त. पलीकडची ती श्रद्धा.

दुसरा ताम्रपट स्वभावाने अगदी वेगळा आहे. तो व्यवहाराचा कागद आहे. दोन श्रेष्ठी बंधूंच्या जहाजांना ठाणे, नागपूर, सोपारा व चौल या बंदरांत जकात माफ केल्याचा तो आदेश. यातील नागपूर म्हणजे विदर्भातले शहर नव्हे. ते कोकण किनाऱ्यावरचे तत्कालीन बंदर. ज्या कागदात ज्याचे हित असते, तो कागद त्याच्याच घरी जपला जातो. उत्तर कोकणच्या राजाचा आदेश दक्षिणेत खारेपाटणला का सापडावा, याचे बहुधा हेच कारण. या आदेशात अनंतदेवाच्या नावामागे जी बिरुदावली आहे, तिच्यात ‘जीमूतवाहनान्वयप्रसूत’ आहे, ‘सुवर्णगरुडध्वज’ आहे आणि ‘तगरपुरपरमेश्वर’ही आहे. सिंहलाचे नाव नाही.

शिलाहारांची तिसरी शाखा कोल्हापूर-पन्हाळ्याची. तिचे राजेही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत आणि सोन्याचा गरुड ध्वजावर मिरवीत. म्हणजे तीन साक्षीदारांपैकी तिघेही जीमूतवाहनाविषयी एकमताचे, दोघे तगराच्या बाजूचे, एक सिंहलाच्या. मतांची मोजणी करून निकाल द्यायचा तर तगर जिंकले. पण पुराव्याच्या जगात हात वर करून निर्णय होत नाहीत. ठाणे व कोल्हापूर येथील शाखांनी तीच ठरीव बिरुदे उचलली असतील, तर ते दोन साक्षीदार नव्हेत. एकाच साक्षीच्या त्या दोन प्रती ठरतात.

म्हणून आधी पाहावे लागते की अशा पदवीला मुळात वजन किती. ‘अमुकपुरवराधीश्वर’ ही त्या काळच्या दख्खनी घराण्यांची लाडकी पदवी. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरपुराचे अधीश्वर म्हणवीत. ते लट्टलूर म्हणजे आजचे लातूर. त्यांची राजधानी मान्यखेट येथे होती, तरी पदवीत मूळ गाव टिकून राहिले. मुंबईत तीन पिढ्या काढूनही आडनावात गाव जपणाऱ्या कोकणी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु देवगिरीचे यादव स्वतःला द्वारावतीपुराचे अधीश्वर म्हणवीत, आणि सिंद घराण्याने तर भोगावतीपुराचे स्वामित्व सांगितले. भोगावती ही नागांची पाताळातली नगरी! म्हणजे पदवीत कधी खरे मूळ गाव असते, कधी इच्छिलेले गोत्र आणि कधी निव्वळ काव्य. पदवी हा पुरावा नाही. पुरावा कोठे शोधावा याची ती खूण आहे.

त्या खुणेमागे गेल्यावर तगर सापडते का? इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात तगराचे नाव आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे शहर असून तेथले कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरात जाई, असे तो लेखक सांगतो. हे तगर नेमके कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात बराच खल झाला. कोणी दौलताबाद सुचवले, कोणी जुन्नर, कोणी धारूर. अखेर १९०१ साली फ्लीट यांनी धाराशिव जिल्ह्यातील तेर हेच तगर असल्याचे दाखवले आणि ते मान्य झाले. संत गोरा कुंभारांचे तेर ते हेच. लातूरपासून ते फार दूर नाही. राष्ट्रकूटांचे मूळ गाव लातूर आणि त्यांच्या शिलाहार मांडलिकांचे मूळ गाव शेजारचे तेर, हा योग अर्थपूर्ण आहे. सत्ता वाढली की माणूस आधी आपल्या ओळखीच्या माणसांना दूरच्या जागी नेमतो. शिवाय उत्तर कोकणच्या व कोल्हापूरच्या शिलाहारांची कित्येक बिरुदे कानडी आहेत. समुद्रकाठी ठाण्यात राज्य करणाऱ्या राजाला ‘मलगलगंड’ हे कानडी बिरुद का मिरवावेसे वाटावे? कारण घरची भाषा पदवीत टिकून राहते. घाटावरच्या मुलखाकडे बोट दाखवणारी ही स्वतंत्र खूण होय.

येथे जैन वाङ्मयातला एक साक्षीदार पुढे येतो. कनकामर मुनींनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचले. ते साधारणपणे अकराव्या शतकातले मानतात. त्यात राजा करकंड तेरापूरजवळ येतो, डोंगरातील लेणे व पार्श्वनाथांची प्रतिमा पाहतो आणि त्या लेण्याचा पूर्ववृत्तांत ऐकतो. हिमालयाकडून परागंदा झालेले नील व महानील हे दोन विद्याधर बंधू तेरापुरास आले, तेथे त्यांनी राज्य स्थापले व मुनींच्या उपदेशाने जिनधर्म स्वीकारला, असा तो वृत्तांत. डॉ. हिरालाल जैन यांनी १९३४ साली कारंजा येथील जैन ग्रंथमालेत हे काव्य संपादित केले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की विद्याधर आणि तेर या दोन गोष्टी एकत्र आलेले हे दुसरे स्थळ आहे. पहिले स्थळ म्हणजे शिलाहारांची बिरुदावली. यावरून शिलाहारांचे मूळ या तेरच्या विद्याधरांत असावे, असे त्यांनी सुचवले.

ही सूचना मोलाची आहे. काव्य राजाश्रयासाठी रचलेले नाही. शिलाहारांचा मोठेपणा सांगण्यात कवीचे काही हित नाही. निःस्वार्थ साक्षीदाराच्या शब्दाला वजन अधिक. पण उलटतपासणी त्याचीही झाली पाहिजे. काव्य रचले गेले तेव्हा शिलाहार कोकणात दोनअडीचशे वर्षे नांदत होते. त्यांचीच बिरुदे ऐकून तेरची लोककथा घडली असेल, की कथा आधीची व बिरुदे मागाहूनची असतील? शिवाय नील व महानील ही नावे शिलाहारांच्या वंशावळीत येत नाहीत. तेव्हा या साक्षीने तगराचे पारडे जड होते; परंतु विद्याधर बंधू शिलाहारांचे पूर्वज ठरत नाहीत.

आणि सिंहल? काही अभ्यासकांच्या मते हे सिंहल म्हणजे लंका नव्हे, तर गोव्याचाच भाग. दक्षिण शाखेचा आरंभीचा वावर गोव्याच्या बाजूला होता, हे ध्यानी घेता ते अशक्य नाही. तसे असेल तर रट्टराजाच्या लेखकाने घराणे जेथे नावारूपाला आले ती भूमी सांगितली आणि उत्तरेच्या लेखकांनी घराणे जेथून निघाले ती. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतील. दक्षिणेचे शिलाहार मुळातच वेगळे असून नावाचे साम्य तेवढे असेल, हीही शक्यता खुली राहते.

तेव्हा अंतिम ताळेबंद असा मांडता येतो. निश्चित काय? तीन शाखा, राष्ट्रकूटांचे मांडलिकत्व, आठव्या शतकापासूनची दक्षिणेची दहा नावे. संभाव्य काय? तेरचे मूळ. श्रद्धेचे काय? जीमूतवाहन. या तीन रकमा वेगवेगळ्या स्तंभांत ठेवल्या तर हिशेब स्वच्छ राहतो. गोंधळ होतो तो तिसऱ्या स्तंभातील रक्कम पहिल्यात नेऊन लिहिल्याने.

असा गोंधळ करण्याचा मोह मात्र फार जुना आणि फार गोड आहे. ध्वनिसाम्यावरून शेलार आडनावाचा शिलाहारांशी संबंध लावला जातो. जैन समाजातही शिलाहार हे जैन राजे होते, असे अभिमानाने सांगितले जाते. अभिमानाला आधार नाही असे नाही. विजयादित्याचे शके १०६५ व १०७३ चे कोल्हापूर व बामणी येथील शिलालेख जिनमंदिरांना दिलेल्या दानांचे आहेत. निंबदेव सामंताने कोल्हापुरात बसदी उभारली. सोमदेवांनी ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा व्याकरणग्रंथ इ. स. १२०५ मध्ये दुसऱ्या भोजाच्या राज्यात, आजऱ्याच्या जिनालयात बसून पूर्ण केला. ते जिनालय गंडरादित्याने बांधलेले. परंतु याच गंडरादित्याने मिरज प्रांतातील आपल्या तलावाकाठी महेश, बुद्ध व अर्हत या तिघांचीही स्थापना केली. कोल्हापूरचे राजे महालक्ष्मीचा वरप्रसाद सांगत. अंबरनाथचे शिवालय उत्तरेच्या शिलाहारांचे, आणि खारेपाटणच्या रट्टराजाचे दान तर शैव तपस्व्यांना आहे. दान कोणाला दिले यावरून दात्याचे कूळ ठरत नाही. या राजांना आपल्या खात्यात ओढून घेण्यापेक्षा, त्यांनी तिन्ही देवळांच्या पायऱ्या चढण्याइतके मन मोठे ठेवले होते, हे खरे तसे सांगणे अधिक शोभते.

हाच न्याय घरच्या वंशावळीला लावावा. दक्षिण महाराष्ट्रातील अनेक जैन घराण्यांत हेळवी पिढ्यान्‌पिढ्या येऊन वंशावळ वाचून दाखवीत. ती वही अवश्य उतरवून घ्यावी. मात्र तिच्या शेजारी शाळेचे जनरल रजिस्टर, ग्रामपंचायतीची जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचे फेरफार व घरातील मोडी दस्त ठेवून पाहावेत. एकाच आईच्या दोन मुलांपैकी एकाच्या दाखल्यावर ‘जैन’ आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर ‘चतुर्थ’ किंवा ‘पंचम’ असे लिहिलेले आढळते. म्हणून कोणी खोटे ठरत नाही. लिहिणारा मास्तर बदलला, विचारलेला प्रश्न बदलला, उत्तर देणारे कधी वडील होते तर कधी शेजारी. प्रत्येक नोंदीसमोर तीन गोष्टी टिपाव्यात : ती कोणी केली, कधी केली आणि कशासाठी केली. घटनेच्या जवळची नोंद दूरच्या नोंदीपेक्षा बरी. हित नसलेल्या माणसाची नोंद हितसंबंधी माणसाच्या नोंदीपेक्षा बरी. आणि न पटणारी नोंद फाडून टाकू नये. आज विसंगत वाटणारा कागद उद्या सापडणाऱ्या तिसऱ्या कागदाचा जोडीदार ठरू शकतो.

स्याद्वादाचा अर्थ सारीच विधाने सारखी खरी, असा कधीच नव्हता. कोणते विधान कोणत्या अपेक्षेने खरे, हे सांगण्याची जबाबदारी तो बोलणाऱ्यावर टाकतो. खारेपाटणचे दोन ताम्रपट हेच मागतात. बाळशास्त्र्यांपासून मिराशींपर्यंत ज्यांनी ते वाचले, त्यांनी एकाला खरे ठरवण्यासाठी दुसऱ्याला पुरून टाकले नाही. घरातील पेटीत दोन वेगळी मूळ गावे सांगणारे दोन कागद निघाले, तर नातवंडांच्या हाती दोन्ही द्यावेत, वर आपली पेन्सिलीची रेघही द्यावी. शाईने लिहिण्याची घाई करू नये.